न्यूट्रॉनच्या मात्रेचा हिशेब : ट्रॉम्बे येथील मापनकार्याची वाटचाल

भाभा अणुसंशोधन केंद्राचा इतिहास बहुधा अणुभट्ट्यांच्या नावांनी सांगितला जातो : अप्सरा, सायरस, झर्लिना, पूर्णिमा, ध्रुव. ते रास्तच आहे. पण या प्रत्येक भट्टीच्या हॉलमध्ये रोज कामावर जाणारी माणसे होती, त्यांच्या छातीवर बॅज होता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर तो बॅज उघडून त्यातल्या खुणा मोजणारी दुसरी माणसे होती. या स्मरणिकेतला हा लेख त्या मोजणाऱ्यांच्या कामाविषयी आहे. त्यांतही गॅमा किरणांच्या मापनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. न्यूट्रॉनच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले. म्हणून येथे त्याचाच मागोवा घेतला आहे.

हे काम अवघड का, ते आधी सांगायला हवे. अल्फा, बीटा हे कण भारित असतात आणि गॅमा किरण पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना मोकळे करतात, त्यामुळे वायू भरलेल्या साध्या नळीलाही त्यांचा पत्ता लागतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. तो नळीतून आरपार निघून गेला तरी नळीत काहीच घडत नाही. त्याला ओळखायचे तर त्याच्या वाटेत असा अणू ठेवावा लागतो, की ज्याला तो धक्का देईल किंवा जो त्याला गिळून टाकील. मग त्यातून बाहेर पडलेला भारित कण मोजायचा. म्हणजे न्यूट्रॉनचे कोणतेही मापन साक्षीपुराव्यावर चालते. साक्षीदार बदलला की साक्ष बदलते. एकाला जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही. कोणत्या साक्षीदारावर, कोणत्या जागी आणि किती विश्वास ठेवायचा, हे पुनःपुन्हा तपासून ठरवणे हेच ट्रॉम्बेच्या न्यूट्रॉन-मापनाचे आजवरचे काम आहे.

केंब्रिजचा वारसा

जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत न्यूट्रॉन शोधला, तोही याच रीतीने. पोलोनियममधून निघणारे अल्फा कण बेरिलियमवर आदळले की अतिशय भेदक असे काहीतरी बाहेर पडते, हे आधीच माहीत झाले होते. पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेदरिक जोलिओ-क्युरी यांनी त्याच्यासमोर पॅराफिन मेण ठेवले, तेव्हा मेणातून वेगवान प्रोटॉन उसळले. त्यांना तो गॅमा किरणांचा परिणाम वाटला. चॅडविक यांनी हायड्रोजनप्रमाणे नायट्रोजनसारखे जड अणूही समोर ठेवून पाहिले, उसळलेल्या कणांची ऊर्जा ताडून बघितली आणि निष्कर्ष काढला : धक्का देणारा कण जवळपास प्रोटॉनइतक्याच वस्तुमानाचा, पण भाररहित असला पाहिजे.

होमी भाभा त्या वर्षी केंब्रिजमध्येच होते. पुढे त्यांनी ट्रॉम्बेला जी संस्था उभी केली, तिच्यात चॅडविक यांची वाट आजही रोजच्या वापरात आहे. हायड्रोजनचे केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचे असल्यामुळे समोरासमोरच्या टकरीत न्यूट्रॉन आपली जवळजवळ सगळी ऊर्जा त्याला देऊ शकतो. वेगवान न्यूट्रॉन ओळखण्यासाठी हायड्रोजनयुक्त पदार्थ उपयोगी पडतो तो यामुळेच.

मंद न्यूट्रॉनसाठी वाट वेगळी. बोरॉन-१०, लिथियम-६ आणि हीलियम-३ ही केंद्रके मंद न्यूट्रॉन गिळतात आणि लगेच फुटून भारित कण बाहेर टाकतात. बोरॉनमधून अल्फा कण आणि लिथियमचे केंद्रक निघते. खोलीच्या तापमानाला आलेल्या, म्हणजे सेकंदाला सुमारे २२०० मीटर वेगाच्या न्यूट्रॉनला बोरॉन-१० हावरेपणाने पकडतो. पण न्यूट्रॉनचा वेग दहापट झाला की पकडले जाण्याची शक्यता दहाव्या हिश्श्यावर येते. तेव्हा बोरॉनच्या नळीला वेगवान न्यूट्रॉन जवळजवळ दिसत नाहीत आणि प्रोटॉनच्या धक्क्यावर चालणाऱ्या साधनाला मंद न्यूट्रॉन दिसत नाहीत.

अप्सरेभोवतीचे काम

ट्रॉम्बेचे अणुऊर्जा प्रतिष्ठान जानेवारी १९५४ मध्ये सुरू झाले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरेत साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू झाली. पाण्याच्या खोल कुंडात टांगलेला गाभा, ब्रिटनहून आलेले समृद्ध युरेनियम आणि एक मेगावॅटची क्षमता, असे तिचे स्वरूप होते. कुंडाच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या बीम-नळ्यांपाशी न्यूट्रॉनचे प्रयोग चालत. कुंडाच्या एका कोपऱ्यात निरनिराळ्या आच्छादनांतून किती न्यूट्रॉन पार होतात, ते पाहण्याची सोय होती. पुढे १९६० मध्ये कॅनडाच्या सहकार्याने ४० मेगावॅटची सायरस आली, १९६१ मध्ये झर्लिना, १९७२ मध्ये वेगवान न्यूट्रॉनांवर चालणारी पूर्णिमा आणि १९८५ मध्ये १०० मेगावॅटची ध्रुव. दरम्यान १९६७ मध्ये संस्थेला भाभांचे नाव मिळाले.

भट्टीच्या आसपास सापडणाऱ्या न्यूट्रॉनांच्या ऊर्जेचा पल्ला थक्क करणारा असतो. मंद न्यूट्रॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी, तर विखंडनातून नुकत्याच बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनची काही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बीम-नळीच्या तोंडाशी, काँक्रीटच्या भिंतीमागे आणि भट्टीच्या माथ्यावर या मिश्रणाचे प्रमाण निरनिराळे असते. म्हणून एका ठिकाणी बरोबर वाचणारे साधन दुसऱ्या ठिकाणी चुकू शकते, हा धडा पहिल्या काही वर्षांतच गिरवावा लागला.

डॉ. ए. के. गांगुली यांच्या नेतृत्वाखाली हेल्थ फिजिक्सचे काम आकाराला आले. प्रयोग करणारे वेगळे आणि त्यांच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारे वेगळे, ही व्यवस्था त्या काळात पक्की झाली. खोलीतल्या न्यूट्रॉनांवर नजर ठेवायला बोरॉन ट्रायफ्लोराइड वायूच्या नळ्या पॅराफिनच्या आवरणात बसवत. बाहेरचे मेण वेगवान न्यूट्रॉनांना मंद करी आणि आतली नळी त्यांना मोजी. असे डिटेक्टर आणि त्यांची इलेक्ट्रॉनिक्स संस्थेतच घडवण्याचा आग्रह होता. संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या अनुभवावर १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (ईसीआयएल) उभी राहिली.

फिल्म आणि मुंबईची हवा

खोलीतला काउंटर त्या जागेचा हाल सांगतो; माणसाने किती न्यूट्रॉन झेलले हे सांगायला त्याच्या अंगावरच काहीतरी हवे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून देशात फिल्म बॅजची सेवा सुरू झाली होती. न्यूट्रॉनसाठी कोडॅकची एनटीए नावाची खास इमल्शन-फिल्म जगभर वापरली जाई. फिल्ममधल्या जिलेटिनमधून आणि वेष्टनातून उसळलेला प्रोटॉन इमल्शनमधून जाताना चांदीच्या कणांची एक बारीक रेघ सोडतो. फिल्म धुतली की ती रेघ उच्च शक्तीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ठरावीक क्षेत्रातल्या रेघा मोजायच्या आणि तक्त्यावरून मात्रा काढायची.

मंद न्यूट्रॉनसाठीही त्याच फिल्मचा उपयोग होई. जिलेटिनमधला नायट्रोजन मंद न्यूट्रॉन गिळून अर्ध्या दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टहून थोड्या अधिक ऊर्जेचा प्रोटॉन सोडतो. फिल्मच्या एका भागावर कॅडमियमचा पत्रा ठेवला की मंद न्यूट्रॉन तिथेच अडतात. उघड्या आणि झाकलेल्या भागांतल्या रेघांची तुलना केली की त्यांचा वाटा कळतो.

ही पद्धत चालली खरी, पण तिच्या उणिवा मोठ्या होत्या. सुमारे ०.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचा न्यूट्रॉन जो प्रोटॉन उसळवतो, त्याची रेघ इतकी आखूड असते की ती ओळखता येत नाही. भिंतींवरून विखुरून आलेले बरेच न्यूट्रॉन याच पट्ट्यात असतात. गॅमा किरण जास्त असले तर सगळी फिल्म काळवंडते आणि रेघा त्यात हरवतात. मोजणाऱ्याचे डोळे दमतात. दोन वाचकांचे आकडे सहज वेगळे येतात.

सगळ्यांत त्रासदायक होती ती आर्द्रता. धुण्यापूर्वी रेघ ही चांदीच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांची माळ असते. उष्ण आणि दमट हवेत ऑक्सिजन व बाष्प मिळून ते ठिपके पुसून टाकतात. थंड, कोरड्या देशात महिनाभर टिकणारी खूण किनारपट्टीच्या पावसाळी हवेत तितकी टिकत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळालेली मात्रा महिनाअखेरीस फिल्म धुवेपर्यंत अंशतः नाहीशी झालेली असू शकते, आणि असा तोटा नेहमी एकाच दिशेने होतो : माणसाला प्रत्यक्षात मिळाले त्याहून कमी नोंदले जाते. फिल्म कोरडी करून वायुरुद्ध पाकिटात बंद करणे आणि ती अंगावर ठेवण्याची मुदत आखूड करणे, हे त्यावरचे उपाय होते. दुखणे मात्र मुळातच होते. मुंबईत काम करणाऱ्यांना हवा असलेला साक्षीदार पावसाळा सोसणाराच असायला हवा होता.

शरीरावरच्या परिणामाशी जुळणारे साधन

न्यूट्रॉन किती आले, एवढे कळून भागत नाही. त्यांनी शरीराला किती इजा केली असती, हे कळायला हवे. दर चौरस सेंटिमीटरमागे तेवढेच न्यूट्रॉन आले, तरी एक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनांची सममात्रा, म्हणजे इजेच्या हिशेबाने धरलेली मात्रा, मंद न्यूट्रॉनांच्या सुमारे ४० पट भरते. वेगवान न्यूट्रॉन पेशींमधल्या हायड्रोजनला उसळवतो आणि तो प्रोटॉन अत्यंत छोट्या अंतरात आपली ऊर्जा ओततो; इजा दाट होते. मोजणाऱ्या साधनाला हा फरक कळला पाहिजे.

यावरचा तोडगा १९६० च्या दशकात निघाला. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात ब्रॅम्बलेट, युइंग आणि बॉनर यांनी निरनिराळ्या व्यासांच्या पॉलिथिनच्या गोळ्यांच्या मध्यभागी लिथियम आयोडाइडचा छोटा स्फटिक ठेवला. लहान गोळा मंद न्यूट्रॉनांना अधिक प्रतिसाद देतो, मोठा वेगवान न्यूट्रॉनांना. सगळ्या गोळ्यांची वाचने एकत्र मांडली की ऊर्जेची विभागणी काढता येते. त्यातून एक सुदैवी गोष्ट लक्षात आली : १० ते १२ इंची गोळ्याचा प्रतिसाद आणि शरीरावरच्या सममात्रेचा आलेख यांचा आकार बराचसा सारखा आहे. म्हणजे एकच गोळा थेट मात्रा सांगू शकेल. स्वीडनच्या अँडरसन आणि ब्राउन यांनी पॉलिथिनच्या नळकांड्यात भोके पाडलेला बोरॉनयुक्त थर बसवून हा मेळ आणखी सुधारला. ब्रिटनमधल्या हारवेलच्या लीक यांनी हीलियम-३ चा काउंटर घालून गोलाकार साधन केले. यांनाच, रेम या सममात्रेच्या जुन्या एककावरून, सर्वत्र रेम काउंटर म्हणतात. भट्टीच्या हॉलमध्ये आठ-दहा किलोचे ते धूड हातात घेऊन फिरणे हे हेल्थ फिजिक्सच्या माणसाच्या रोजच्या कामात जमा झाले.

रेम काउंटरलाही मर्यादा आहे. मधल्या ऊर्जेच्या, म्हणजे काही इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या न्यूट्रॉनांना तो फाजील महत्त्व देतो आणि प्रत्यक्षाहून जास्त मात्रा दाखवतो. सुरक्षिततेच्या बाजूने झालेली ही चूक फिल्मच्या चुकीपेक्षा बरी. तरीही ती चूकच, म्हणून त्या जागेचा वर्णपट एकदा तरी गोळ्यांनी तपासून पाहावा लागतो.

मँगनीजचे द्रावण आणि सावलीचा शंकू

कोणतेही साधन खरे बोलते की नाही, हे ठरवायला ज्याचे उत्सर्जन पक्के माहीत आहे असा न्यूट्रॉन-स्रोत लागतो. बेरिलियममध्ये मिसळलेले अमेरिशियम-२४१ हा नेहमीचा स्रोत. त्याचा अर्धायुकाळ ४३२ वर्षांचा, त्यामुळे तो फारसा बदलत नाही. दुसरा कॅलिफोर्नियम-२५२. तो आपोआप विखंडित होतो, म्हणून त्याचे न्यूट्रॉन भट्टीतल्यासारखे असतात. पण अर्धायुकाळ जेमतेम २.६५ वर्षांचा असल्यामुळे प्रत्येक वेळी तारीख लावून हिशेब करावा लागतो.

या स्रोतांचे उत्सर्जन ठरवण्याची मूळ पद्धत म्हणजे मँगनीज बाथ. मँगनीज सल्फेटच्या मोठ्या द्रावणात मधोमध स्रोत बुडवतात. पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनांना मंद करतो आणि मँगनीज त्यांतले काही गिळून किरणोत्सारी मँगनीज-५६ बनते. त्याचा अर्धायुकाळ सुमारे २.६ तासांचा असतो. द्रावणाची किरणोत्सारिता मोजायची. हायड्रोजन, गंधक आणि ऑक्सिजनने किती न्यूट्रॉन गिळले, टाकीतून किती निसटले, याच्या दुरुस्त्या करायच्या. मग स्रोत सेकंदाला एकूण किती न्यूट्रॉन सोडतो हे निघते. आयनकारी प्रारणांच्या मापनाची भारतातली मानके जपण्याची जबाबदारी ट्रॉम्बेकडे आहे. न्यूट्रॉनच्या बाबतीत त्या जबाबदारीच्या मुळाशी हे द्रावण आहे.

त्यानंतरची पायरी म्हणजे त्या स्रोतासमोर साधन ठेवून त्याचे वाचन तपासणे. इथे खोली आडवी येते. भिंती, जमीन आणि छप्पर यांवरून विखुरलेले न्यूट्रॉन साधनापर्यंत पोचतात आणि वाचन फुगवतात. म्हणून स्रोत आणि साधन यांच्यामध्ये लोखंड व पॉलिथिनचा शंकू ठेवून एक वाचन घेतात. शंकू सरळ येणारे न्यूट्रॉन अडवतो, म्हणून उरते ते फक्त विखुरलेल्यांचे वाचन. ते मूळ वाचनातून वजा केले की सरळ आलेल्या न्यूट्रॉनांचा आकडा हाती येतो. बॅज तपासताना तो माणसाच्या धडाच्या जागी असलेल्या ठोकळ्यावर लावतात, कारण शरीरावरून परतणारे न्यूट्रॉनही बॅजच्या वाचनात भर घालतात.

कॅलिब्रेशनचे काम बाहेरून दिसत नाही आणि समारंभातही त्याचा उल्लेख होत नाही. परंतु देशातल्या कुठल्याही न्यूट्रॉन-बॅजवरच्या आकड्याची साखळी मागे मागे नेली, तर ती अशा एका मोजलेल्या स्रोतापाशी येऊन थांबते.

सीआर-३९ चे आगमन

फिल्मला पर्याय शोधण्याची धडपड जगभर चालू होती. भारित कण घन पदार्थात अदृश्य इजा करतात आणि योग्य रसायनात बुडवले की तिथे खड्डा पडतो, हे १९५८ साली हारवेलमध्ये यंग यांनी लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकांवर दाखवले. १९६० च्या दशकात अमेरिकेत फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी अभ्रक, काच आणि प्लास्टिक यांवर हे शास्त्र उभे केले. १९७८ मध्ये बर्कलीच्या कार्टराइट, शर्क आणि प्राइस यांनी सीआर-३९ हे प्लास्टिक अशा कामाला असामान्य संवेदनशील असल्याचे दाखवले. चष्म्याच्या प्लास्टिक भिंगांसाठी हे प्लास्टिक कित्येक वर्षे वापरात होते.

ट्रॉम्बेत त्याचा अभ्यास झाला आणि नव्वदच्या दशकात वैयक्तिक न्यूट्रॉन-मापनात फिल्मची जागा सीआर-३९ ने घेतली. त्याचे गुण इथल्या गरजेला नेमके जुळणारे होते. त्यावर गॅमा किरणांचा परिणाम होत नाही. दमट हवेत त्यावरच्या खुणा फिल्मसारख्या पुसल्या जात नाहीत, त्यामुळे बॅज तीन महिने अंगावर ठेवता येतो. शिवाय ०.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासपर्यंतचे न्यूट्रॉन त्याला दिसतात. फिल्मला न दिसणारा मोठा पट्टा आता हिशेबात आला.

बॅज परत आला की प्लास्टिकचा तुकडा आधी गरम, तीव्र अल्कलीत बुडवतात आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या द्रावणांत उच्च दाबाची प्रत्यावर्ती वीज लावतात. विजेचा ताण खड्ड्याच्या टोकाशी एकवटतो आणि तिथून प्लास्टिक फांद्या फुटाव्यात तसे चिरत जाते. मायक्रॉनभराची खूण वाढून थोड्याशा भिंगाखालीही दिसू लागते. फिल्मच्या काळी डोळे शिणवणारी मोजणी आता कॅमेरा आणि संगणकाकडे सोपवता येते.

नव्या साक्षीदाराचे दोषही लवकरच समजले. हवेतला रेडॉन आणि त्याची अपत्ये अल्फा कण सोडतात आणि तेही खुणा करतात, म्हणून तुकडा धातूचा थर असलेल्या बंद पाउचमध्ये ठेवावा लागतो. कारखान्यातून आलेल्या एकेका शीटवर मूळच्याच खुणा कमी-जास्त असतात. प्रत्येक खेपेची आधी परीक्षा घ्यावी लागते. न्यूट्रॉन तिरका आला तर प्रतिसाद घटतो. आणि मंद न्यूट्रॉन त्याला आपणहून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी बोरॉन किंवा लिथियमचा थर जोडावा लागतो.

गॅमा आणि बीटासाठी सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून डिस्प्रोशियममिश्रित कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्यांचा, उष्णतादीप्तीवर चालणारा टीएलडी बॅज देशभर रूढ झाला होता. त्याच्या जोडीला सीआर-३९ आले. एका माणसाची एकूण मात्रा काढायला दोन भिन्न साधने, दोन भिन्न प्रक्रिया आणि शेवटी बेरीज, अशी आजची रीत आहे.

बॅज कोणाकडे जातो

न्यूट्रॉनचा बॅज प्रत्येक किरणोत्सारी कामाला लागत नाही. एक्स-रे तंत्रज्ञाला तो नको असतो. भट्टीच्या बीम-नळ्यांवर प्रयोग करणारे, त्वरकांवर काम करणारे, न्यूट्रॉन-स्रोत हाताळणारे आणि प्लुटोनियमचे इंधन हाताळणारे हे त्याचे मुख्य धारक. प्लुटोनियममधले काही समस्थानिक आपोआप विखंडित होतात. शिवाय त्याचे अल्फा कण ऑक्सिजन किंवा फ्लोरिनवर आदळून न्यूट्रॉन निर्माण करतात. साठ्याच्या डब्याला शिशाचे आवरण घातले तर गॅमा थांबतात, न्यूट्रॉन मात्र जवळपास तसेच बाहेर येतात. त्यांना मेण, पाणी किंवा पॉलिथिन लागते.

आणखी एक मोठा गट तेलक्षेत्रातला आहे. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडले आणि विहिरींची तपासणी हे मोठे क्षेत्र झाले. विहिरीत अमेरिशियम-बेरिलियमचा स्रोत सोडतात. खडकाच्या छिद्रांतल्या पाण्यात किंवा तेलात असलेला हायड्रोजन न्यूट्रॉनांना मंद करतो, आणि परतणाऱ्या न्यूट्रॉनांवरून खडक किती सच्छिद्र आहे ते कळते. हायड्रोजनच्या ज्या गुणावर बॅज चालतो, त्याच गुणावर हे तेलशोधनही चालते. स्रोत लांब दांड्याने पेटीतून उपकरणात नेताना जे क्षण जातात, त्यांत कर्मचाऱ्याला मुख्य मात्रा मिळते.

रुग्णालयांत १० मेगाव्होल्टच्या वरचे लिनॅक, म्हणजे रेषीय त्वरक, आले आणि न्यूट्रॉन तिथेही पोचले. उच्च ऊर्जेचे एक्स-किरण टंगस्टन, शिसे यांच्या केंद्रकांतून न्यूट्रॉन उखडून काढतात. लिनॅक क्षणिक झोतांत चालतो. एका झोतात हजारो कण एकदम आले की इलेक्ट्रॉनिक काउंटर गोंधळतो आणि कमी मोजतो. अशा जागी सीआर-३९ सारखे, एकेक कण न मोजता सगळे साठवून ठेवणारे साधन जास्त भरवशाचे ठरते.

बदलते नियम

साधने बदलली तसे हिशेबाचे नियमही बदलले. जुन्या नोंदवह्यांत मात्रा रेममध्ये आहे, आताच्या मिलिसीव्हर्टमध्ये. १०० रेम म्हणजे एक सीव्हर्ट. इतके सोपे रूपांतर असते तर प्रश्न नव्हता. आंतरराष्ट्रीय प्रारण-संरक्षण आयोगाने १९७७ मध्ये न्यूट्रॉनची घातकता गॅमाच्या १० पट धरायला सांगितले, १९८५ मध्ये ती दुप्पट केली, १९९१ मध्ये ऊर्जेनुसार ५ ते २० अशा पायऱ्या ठरवल्या आणि २००७ मध्ये पायऱ्यांच्या जागी सलग वक्ररेषा आणून मंद न्यूट्रॉनांचे वजन २.५ पर्यंत उतरवले. तेवढ्याच रेघा, तेवढेच न्यूट्रॉन. मात्रेचा आकडा मात्र दर पिढीत निराळा. जुन्या नोंदी वाचताना कोणत्या वर्षीच्या नियमाने तो आकडा काढला, हे पाहिल्याशिवाय तुलना करता येत नाही.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि मोजणाऱ्यांच्या आकड्यांना कायद्याचे बळ मिळाले. सध्याच्या मर्यादेनुसार सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्टच्या आत आणि कोणत्याही एका वर्षाचा आकडा ३० च्या आत राहिला पाहिजे. ही मर्यादा गॅमा आणि न्यूट्रॉन यांच्या बेरजेला लागू आहे. न्यूट्रॉनचा आकडा चुकला की बेरीज चुकते.

अपघात घडलाच तर

न्यूट्रॉन-मापनाची खरी कसोटी क्रांतिकतेच्या अपघातात लागते. विखंडनशील पदार्थ चुकून एका जागी जास्त जमा झाला तर साखळी अभिक्रिया क्षणात भडकते आणि नेहमीचा बॅज त्या पुरात बुडून जातो. त्यासाठी वेगळे साक्षीदार ठेवतात. गंधकाची गोळी फक्त वेगवान न्यूट्रॉनांनी किरणोत्सारी होते. सोने आणि इंडियम यांच्या पातळ पत्र्यांना मंद न्यूट्रॉन कळतात. बाधित माणसे निराळी काढायला इंडियम पहिल्या तासाभरात उपयोगी पडते, कारण त्याची किरणोत्सारिता ५४ मिनिटांत निम्मी होते.

यांतले काहीच जवळ नसले तर शरीरच साक्ष देते. रक्तातले सोडियम न्यूट्रॉन गिळून सोडियम-२४ बनते आणि १५ तासांच्या अर्धायुकाळाने गॅमा किरण सोडत राहते. १९९९ च्या ३० सप्टेंबरला जपानमधल्या तोकाईमुरा येथे असा अपघात झाला, दोन कामगार दगावले आणि बाधितांच्या मात्रा मुख्यतः सोडियम-२४ वरूनच काढाव्या लागल्या. 

पुढचा टप्पा

आजही काही प्रश्न उभे आहेत. हीलियम-३ ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो आणि २००८ नंतर जगभर त्याची टंचाई झाली. त्यामुळे बोरॉनचा थर दिलेल्या काउंटरांचे महत्त्व वाढले. असे काउंटर संस्थेतच घडवण्याची ट्रॉम्बेची जुनी सवय इथे कामी आली. अप्सरेची नवी आवृत्ती अप्सरा-यू सप्टेंबर २०१८ मध्ये दोन मेगावॅट क्षमतेने सुरू झाली आणि प्रयोगांसाठी अधिक न्यूट्रॉन उपलब्ध झाले.

सर्वांत अवघड प्रश्न वरच्या ऊर्जेचा आहे. खारघरला कर्करोगावर प्रोटॉन-उपचार सुरू झाले. तिथल्या प्रोटॉनांची ऊर्जा २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाते आणि ते निर्माण करतात त्या न्यूट्रॉनांचीही बरीच जास्त असते. पॉलिथिनचा जुना रेम काउंटर अशा न्यूट्रॉनांना मंद करू शकत नाही, ते निसटून जातात आणि मात्रा कमी दिसते. त्यावर उपाय म्हणून काउंटरमध्ये शिशाचा थर घालतात. एका वेगवान न्यूट्रॉनमधून शिसे कमी ऊर्जेचे अनेक न्यूट्रॉन निर्माण करते आणि ते आतल्या नळीला सापडतात. या ऊर्जेला सीआर-३९ चा प्रतिसाद कसा असतो, तेही वेगळे तपासावे लागते.

ट्रॉम्बेने घेतलेल्या शिकवणीचा उपयोग इथेच होणार आहे. कोणत्याही बॅजचे प्रमाणपत्र सर्व जागांना लागू होत नाही. जागा बदलली की त्या जागेचे न्यूट्रॉन आधी ओळखावे लागतात, मग साधन निवडावे लागते, मग मोजलेल्या स्रोतासमोर ते तपासावे लागते. कर्मचाऱ्याच्या वार्षिक नोंदीत मिलिसीव्हर्टचा एकच छोटा आकडा छापला जातो. नव्या पिढीच्या हाती उपकरणे अधिक चांगली असतील. त्या आकड्याखाली सही करण्यापूर्वी या तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्या आहेत का, हा प्रश्न मात्र त्यांनाही दर तिमाहीस विचारावाच लागेल.